व्हीगन झालात, आता कपाटातल्या चामड्याचं काय करायचं?

व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काही खायचं-वापरायचं नाही असं, ठरवल्यावर पहिल्याच रविवारी मी कचऱ्याची मोठी काळी पिशवी घेऊन कपाटासमोर बसले. बूट, पट्टा, पर्स, लोकरीचा स्वेटर, मोत्यांचे कानातले, सगळं पिशवीत गेलं. तासाभरात कपाट रिकामं आणि मन हलकं. सोमवारी सकाळी पँट कमरेवर राहीना, म्हणून संध्याकाळी धावतपळत नकली चामड्याचा पट्टा आणला. दीड वर्षात त्याची सालं निघायला लागली. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. फेकलेला चामड्याचा पट्टा नऊ वर्षं वापरलेला होता आणि आणखी दहा वर्षं सहज टिकला असता. माझ्या त्या साफसफाईने एकाही गाईचा जीव वाचला नाही. दुकानदाराचे दोन पट्टे तेवढे खपले.

माझं मत आधीच सांगून टाकते. आधीपासून घरात असलेली वस्तू ठेवली म्हणून कुणी कमी व्हीगन ठरत नाही आणि फेकली म्हणून जास्त ठरत नाही. प्राण्याच्या वाट्याला जे यायचं ते त्या वस्तूच्या खरेदीआधीच येऊन गेलेलं असतं. तुमच्या हातात आहे ती पुढची खरेदी. पण बुटांना लावलेलं उत्तर फर कोटाला लागू पडत नाही आणि फर कोटाचं आजीच्या शालीला. म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करावं.

१. महिनाभर काहीही टाकू नका

नवा उत्साह आणि नवा अपराधीपणा एकत्र आले की माणूस घाईत निर्णय घेतो. जी वस्तू बघवतच नाही ती खोक्यात घालून माळ्यावर टाका, पण घराबाहेर काढू नका. महिन्याने त्यातल्या निम्म्या वस्तूंबद्दल तुमचं मत बदललेलं असेल.

'व्हीगन' हा शब्द १९४४ सालचा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये सुतारकाम शिकवणारे शिक्षक डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी 'व्हीगन सोसायटी' काढली. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटनमध्ये कपडे आणि बूटसुद्धा रेशनच्या कुपनांवर मिळत होते. तेव्हा तत्त्वासाठी पायातले बूट फेकून देणं कुणाला परवडलं असतं? या संस्थेच्या आजच्या व्याख्येत अन्न, कपडे किंवा इतर कुठल्याही कारणासाठी होणारं प्राण्यांचं शोषण आणि क्रौर्य 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' टाळायचं असं म्हटलं आहे. नवखे लोक बाकीची व्याख्या पाठ करतात आणि हे पाच शब्द विसरतात. मुरलेले लोक कधीकधी नेमकं उलटं करतात.

२. यादी करा, आणि ती लांबत जाईल याची तयारी ठेवा

एक वही घ्या आणि खोली-खोली फिरा. चामडं, लोकर, रेशीम, पिसं, फर हे तर लगेच सापडेल. लोकरीत फक्त मेंढी धरू नका. काश्मिरी लोकर आणि मोहेर बकऱ्यांची, अंगोरा लोकर सशाची. रेशमाबद्दल पुष्कळांना वाटतं की किडा कोश सोडून उडून गेल्यावर धागा काढतात. प्रत्यक्षात सलग धागा मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उष्णता देऊन मारलेले असतात. किड्याने बाहेर पडताना कोशाला भोक पाडलं तर तो लांब, अखंड धागा तुटतो.

बुटांचं काय आहे ते ओळखायला बुटाच्या आत किंवा तळव्यावर चित्र शोधा. युरोपीय संघाच्या नियमानुसार तिथे विकल्या जाणाऱ्या बुटांवर ही चित्रं असतात, आणि इतर ठिकाणी मिळणाऱ्या बुटांवरही ती बरेचदा दिसतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकाराच्या आत चौकट असेल तर वरून थर दिलेलं चामडं. विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि नुसती शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे इतर साहित्य. बुटाचा वरचा भाग, आतलं अस्तर आणि तळवा यांची वेगवेगळी चित्रं असतात, त्यामुळे तिन्ही बघा. वरून कापड आणि आत चामड्याचा पातळ तुकडा, असं फार वेळा निघतं.

चित्र पुसलं गेलं असेल तर कापलेली कड निरखून बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला गुंतागुंतीचे केसाळ तंतू दिसतात, नकली चामड्याला मागून बहुधा कापड चिकटवलेलं असतं. कपड्याबद्दल शंका असेल तर शिवणीतून एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या नळाजवळ, भांड्यावर धरून पेटवा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. सुती धागा कागदासारखा जळतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

मग सुरू होतो तो भाग ज्यात माणूस खचतो. कोटाची गुंडी शिंगाची किंवा शिंपल्याची निघते. रंगकामाच्या चांगल्या ब्रशाचे केस डुकराचे किंवा मुंगसासारख्या एखाद्या लहान प्राण्याचे असतात. पियानोच्या आतल्या हातोड्यांवर लोकरीचा जाड नमदा असतो, व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. जुन्या लाकडी फर्निचरचे सांधे कातड्या-हाडांपासून उकळून काढलेल्या सरसाने जोडलेले आणि वरची चकाकी लाखेची, म्हणजे किड्यांच्या स्रावाची. 'बोन चायना'च्या नाजूक कपबशीत तर नावातच हाड आहे. पारंपरिक मिश्रणात हाडांची राख जवळपास निम्मी असते. आणि आजोबांचे कृष्णधवल फोटो? इंग्रज डॉक्टर रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीपासून फिल्मवर आणि फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर आला, आणि जिलेटिन येतं हाडं आणि कातड्यातून.

फोटो कोण फेकणार? इथे पोचलात की कळतं की संपूर्ण निर्मळ घर नावाची गोष्ट मिळणार नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१६ मध्ये प्लास्टिकची पाच पौंडांची नोट काढली, तेव्हा तिच्या कच्च्या मालात प्राण्यांच्या चरबीचा अंश असल्याचं बाहेर आलं. विरोध झाला, चर्चा झाली, आणि २०१७ मध्ये बँकेने तेच साहित्य चालू ठेवायचं ठरवलं. म्हणजे चामड्याचं पाकीट टाकलं तरी आतल्या नोटेचा प्रश्न उरलाच. या टप्प्यावर वही मिटा आणि चहा घ्या. दूध न घालता, अर्थात.

३. संपणाऱ्या वस्तूंचा निकाल आधी लावा

हा सोपा भाग, म्हणून आधी उरकून घ्या. साबण, क्रीम, लिपस्टिक, ओठांचं मलम, मेणबत्त्या, बूट पॉलिश, अर्धवट संपलेली मधाची बाटली. लेबलवर 'सोडियम टॅलोएट' म्हणजे चरबीचा साबण, 'लॅनोलिन' म्हणजे लोकरीतलं मेण, 'कार्माइन' किंवा 'सीआय ७५४७०' म्हणजे कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग, 'शेलॅक' म्हणजे लाख. खाण्याच्या पाकिटावर हेच कार्माइन 'ई १२०', मधमाश्यांचं मेण 'ई ९०१' आणि लाख 'ई ९०४' अशा क्रमांकांनी लपलेलं असतं.

उघडलेलं असेल तर वापरून संपवा किंवा वापरणाऱ्याला द्या, सीलबंद असेल तर गरज असलेल्याला द्या. ज्याची किळस येते ते ओठाला लावू नका, एवढं साधं आहे. संपल्यावर मात्र तेच पुन्हा आणायचं नाही, आणि ते लक्षात राहावं म्हणून डबी रिकामी होण्याआधीच पर्याय शोधून ठेवा.

औषधांना या यादीत हात लावू नका. कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं असतं, पुष्कळ गोळ्यांत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असतं. रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून बनवतात. डॉक्टरांना पर्याय जरूर विचारा, पण उत्तर येईपर्यंत औषध चालू ठेवायचं. वर सांगितलेले पाच शब्द अशाच वेळेसाठी आहेत.

४. उरलेल्या वस्तूंचा एकेक करून विचार करा

वर्षानुवर्षं चाललेला वाद इथला आहे. एक बाजू म्हणते, प्राणी तर मेलाच आहे, निदान त्याचं कातडं वाया जाऊ देऊ नका, वस्तू झिजेपर्यंत वापरा. दुसरी म्हणते, तुम्ही कातडं अंगावर घालता तेव्हा ते घालण्यासारखं आहे हे चार लोकांना दाखवता. तुमचे सुंदर बूट बघून कुणी विचारलं 'कुठून घेतले?', तर तुम्ही फुकटची जाहिरात झालात.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, फक्त वेगवेगळ्या वस्तूंसाठी. बुटाच्या आतला चामड्याचा तुकडा कुणाला दिसत नाही, त्याची जाहिरात होण्याचा प्रश्नच नाही. काळे साधे बूट चामड्याचे की नकली, हे चार पावलांवरून कुणी सांगू शकत नाही. फर कोट मात्र रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतो आणि तो घालण्यात मिरवणं असतंच. तसंच सापाच्या कातडीच्या पर्सचं. म्हणून माझी पहिली कसोटी: बघणाऱ्याला त्यातून काय दिसतं?

दुसरी कसोटी आतली आहे, आणि तिच्याशी वाद घालू नये. काही लोक विचारतात, 'हेच पाकीट कुत्र्याच्या कातड्याचं असतं तर खिशात ठेवलं असतंत का?' प्रश्न बोचरा आहे, मुद्दाम बोचरा केलेला आहे. तो ऐकून तुम्हाला पाकिटाला हात लावावासा वाटेना तर ते पाकीट तुमच्यासाठी संपलं, मग कितीही वर्षं टिकणारं असो. आणि काहीच वाटलं नाही तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीतला एक जण गेली बारा वर्षं व्हीगन आहे आणि अजून जुना चामड्याचा पट्टा वापरतो. दुसरीने लोकरीचे सगळे कपडे पहिल्या आठवड्यात दिले, कारण अंगाला लागले की तिला मेंढीची नजर आठवायची. दोघं एकाच टेबलावर जेवतात आणि या विषयावर भांडत नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती मोठ्याने बोलली जात नाही. कामावर घालायचे एकुलते एक बूट, थंडीतला एकमेव उबदार कोट, सुरक्षेसाठी लागणारे हातमोजे. ते टाकायला सांगणारा माणूस नवे घेऊन देणार असेल तर त्याचं ऐका.

आठवणीच्या वस्तूंना यातलं काही लावू नका. त्या रोज वापरायच्याच असंही नाही. माझ्या आजीची लोकरीची शाल त्या काळ्या पिशवीतून वाचली, कारण ती आईच्या घरी होती. आज ती माझ्याकडे घडी करून ठेवली आहे. मी पांघरत नाही, देणारही नाही. याला सिद्धांत काय, मला ठाऊक नाही.

५. ठेवायचं ठरलं तर नीट ठेवा

ठेवायचं आणि हेळसांड करायची, हे सगळ्यात वाईट. चामड्याला लावायच्या क्रीममध्ये बरेचदा लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण किंवा गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं 'नीट्सफूट' तेल असतं. म्हणजे जुनी वस्तू जपण्यासाठी नवी प्राणिज खरेदी. कार्नोबा किंवा कँडेलिला या वनस्पतींच्या मेणाची पॉलिश मिळते, ती घ्या. आधी आतल्या बाजूला थोडी लावून बघा. तळवा झिजला तर बदलून घ्या, शिवण उसवली तर शिवून घ्या.

लोकरीची गंमत वेगळीच. ती न वापरता ठेवली की कसर लागते, आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या तर मेंढीची लोकर वाचवण्यासाठी आपण किडे मारतो. कसरीच्या अळ्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर फार आवडते. म्हणून ठेवण्याआधी कपडा स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला आणि अधूनमधून बाहेर काढून झटका. किडा मुळात येऊच द्यायचा नाही.

कुणी 'तुम्ही तर व्हीगन ना, मग हे बूट?' असं विचारेलच. छोटं उत्तर तयार ठेवा: 'आधीचे आहेत, संपले की पुन्हा घेणार नाही.' त्यापुढे सफाई देत बसू नका.

६. द्यायचं ठरलं तर कुठे जातं ते बघून द्या

कचऱ्यात टाकणं हा शेवटचा मार्ग, आणि जाळणं तर मुळीच नको. बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते जाळलं की त्यातल्या क्रोमियमचं घातक रूप तयार होऊ शकतं.

देताना मी एकच बघते: ही वस्तू मिळाल्यामुळे घेणाऱ्याची नवी खरेदी टळेल का? ज्याला नाहीतरी चामड्याचे बूट घ्यायचेच होते त्याला तुमचे दिले तर दुकानातला एक जोड कमी विकला जाईल. गरज असलेल्या माणसाला उबदार कोट दिला तर त्याहून चांगलं. विकलंत तरी चालेल. काहींना त्या पैशाचा विटाळ वाटतो, ते पैसे प्राण्यांच्या आसऱ्याला देतात. मी एकदा दिले, एकदा त्यातून कापडी बूट घेतले.

लोकरीचे जुने स्वेटर आणि घोंगड्या प्राण्यांच्या आसऱ्यांना अंथरायला लागतात. आधी फोन करून विचारा. गुंड्या, चेन आणि लोंबणारे धागे काढून द्या, प्राणी ते गिळतात. फर कोटांचंही तसंच. वन्यप्राण्यांची अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या काही केंद्रांत जुनी फर पिल्लांना ऊब म्हणून वापरली गेली आहे, आणि 'पेटा' ही प्राणिहक्कांची संस्था दान आलेले फर कोट बेघर लोकांपर्यंत पोचवते. ज्याला खरंच थंडी वाजते त्याच्या अंगावर फर ही मिरवायची वस्तू राहत नाही.

हस्तिदंत, कासवाच्या पाठीची वस्तू, दुर्मीळ प्राण्याचं कातडं असं काही वारशात आलं असेल तर विकायला काढण्याआधी थांबा. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा 'साइट्स' करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू झाला. आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला. देशोदेशीचे कायदे त्याहूनही कडक असू शकतात, विकणं सोडाच, सीमेपलीकडे नेणंही गुन्हा ठरू शकतं. अशी वस्तू वनखात्याला विचारूनच ठेवा किंवा त्यांच्या हवाली करा.

७. बदली वस्तू घेताना घाई करू नका

माझा पट्टा का सोलला ते नंतर कळलं. नकली चामड्यावरचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो, वस्तू वापरा किंवा खोक्यात ठेवा. पीव्हीसी तुलनेने टिकतं, पण त्याचं उत्पादन आणि विल्हेवाट दोन्ही त्रासाचे. अननसाच्या पानांचं किंवा अशाच इतर वनस्पतींचं 'चामडं' ऐकायला छान वाटतं, पण त्यावर बरेचदा प्लास्टिकचा थर असतो, तेव्हा विचारून घ्या. ॲक्रिलिकचा स्वेटर प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात सोडतो.

म्हणून जुनी वस्तू खरोखर संपेपर्यंत थांबलात तर शोधायला वेळ मिळतो. पट्ट्यासाठी जाड विणलेलं सुती कापड मला सगळ्यात पुरून उरलं. पाकिटासाठी बुचाचं, म्हणजे कॉर्कचं साहित्य चांगलं. बुटांत शिवलेला तळवा बघा, चिकटवलेला दुरुस्त करणं अवघड जातं.

८. दुसऱ्याच्या कपाटाला हात लावू नका

सोफा, गाडीतली आसनं, घरातला पियानो, जोडीदाराचं जाकीट या तुमच्या एकट्याच्या वस्तू नाहीत. चामड्याचा सोफा बसण्याने झिजेपर्यंत राहू द्या. बदलायची वेळ येईल तेव्हा तुमचं म्हणणं मांडा. मी एकदा नवऱ्याचे हातमोजे न विचारता देऊन टाकले होते. त्याने त्याच आठवड्यात नवे घेतले, अस्सल चामड्याचे.

९. यापुढचे नियम आताच ठरवून घ्या

'आधीपासूनची वस्तू चालते' ही सवलत फार सहज पसरते. मग जुन्या बाजारातली चामड्याची पिशवी चालते, कारण ती वापरलेली असते. मग मैत्रिणीने न वापरलेली, चिठ्ठीसकट दिलेलीही चालते. जुन्या वस्तूंना मागणी वाढली की त्या विकून लोक नव्या घेतात, हे विसरता कामा नये. मी तारीख ठरवली: त्या रविवारनंतर घरात आलेलं काहीही प्राणिज माझ्यासाठी नवंच, मग ते कुणी किती वर्षं वापरलेलं असो. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो खरेदीला निघण्याआधी ठरलेला असावा, दुकानात उभं राहून ठरवलेला नव्हे.

भेटवस्तूंचं सांभाळून करा. पहिल्या वर्षी सगळ्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर प्रेमाने आणलेली वस्तू परत करण्याची पाळी येते. माझ्या आत्याने वाढदिवसाला रेशमी स्कार्फ आणला होता. मी तिला कोशांचं सगळं सांगितलं, जरा जास्तच सविस्तर, केक कापायच्या आधी. ती गप्प बसली, स्कार्फ पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या आठवड्यात सुती घेऊन आली. तेव्हापासून दर वर्षी वाढदिवसाच्या आधी तिचा फोन येतो. 'मोती चालतात का गं?' मागच्या वर्षी विचारत होती. नाही चालत, आत्या. 'बरं,' म्हणाली, 'मग पुढच्या फोनला दुसरं काहीतरी विचारते.'